मिठाची बरणी आणि पंखा

जून अर्धा सरला की रेवदंड्याच्या आमच्या घरात मिठाच्या बरणीचा विषय निघतोच. आत्या झाकण उघडते, आत चमचा फिरवते आणि म्हणते, "सुटलं बघ पाणी." मग बरणी चुलीशेजारच्या फळीवर जाते. तिथं ऊब असते, त्यामुळे चार दिवसांत मीठ पुन्हा मोकळं होतं. या प्रकरणात आपण एक लहानसा, जवळजवळ निःशब्द, फक्त हवेवर थंड होणारा डेस्कटॉप कॉम्प्युटर जोडायचा आहे. तो जोडताना मी जे सर्वांत महत्त्वाचं ठरवलं, ते मला त्या फळीमुळे सुचलं. तिथं यायला थोडा वेळ लागेल.

शांत यंत्र हवं कशाला, हे आधी सांगतो. या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मी रेकॉर्ड करतो. जात्यावरच्या ओव्या, आगरी आणि कोळी बोलीतल्या गोष्टी, मिठागरांच्या आठवणी. खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून घडलेली एक बोली अजून जिवंत आहे. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. अशी बोली टिपताना 'स', 'श', 'फ' यांतला श्वास स्वच्छ ऐकू यावा लागतो. तो श्वास वरच्या पट्टीत, चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वर असतो, आणि पंख्याचा सुसाटाही तिथवर पसरलेला असतो. समुद्राची गाज रेकॉर्डिंगमध्ये आली तर मला चालते, ती बोलणाऱ्याचं गाव सांगते. पंख्याची घरघर मात्र बोलण्यावर धुळीसारखी बसते आणि नंतर काही केलं तरी पुरती झाडता येत नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आपल्या कामाला तेवढा आवाज फार झाला. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. रात्री खेड्यातल्या बंद खोलीत आवाज तिशीच्या आसपास असतो, म्हणून हातभर अंतरावरून यंत्र २५ डेसिबलच्या खाली राहावं, असं मी ठरवलं. दुपारी डोक्यावर सिलिंग फॅन फिरत असताना या २५ डेसिबलला काही अर्थ उरत नाही, हे खरं आहे. पण रेकॉर्डिंगच्या वेळी तो फॅन बंदच करावा लागतो, आणि मग खोलीत बोलणारं माणूस, माइक आणि कॉम्प्युटर एवढेच उरतात.

शांततेच्या शोधात या किनाऱ्यावर आलेला मी काही पहिला नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे विसाव्या शतकाच्या तोंडावर स्पष्ट झालं. ट्रामच्या प्रवाहामुळे चुंबकसुया थरथरणार होत्या. वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस यांनी उपकरणांना झाकणं, कवचं घालत बसण्याऐवजी वेधशाळाच हलवायचं ठरवलं. जागा निवडली अलिबाग, कुलाब्यापासून समुद्रावरून तीसेक किलोमीटर. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड पारखून आणला, बिजागऱ्या-खिळ्यांना लोखंडाऐवजी पितळ आणि तांबं वापरलं. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका एकमेकींना नीट जुळावी. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. (हा जिल्हाही तेव्हा कुलाबाच होता. रायगड हे नाव १९८१ पासूनचं.)

मूस यांच्या या कामाकडे मी पुन्हापुन्हा वळतो, कारण शांत कॉम्प्युटर जोडणाऱ्यांची पहिली चूक इथंच होते. आधी भरपूर उष्णता निर्माण करणारं यंत्र घ्यायचं, मग तिला हाकलायला मोठे पंखे लावायचे, मग पंख्यांचा आवाज दाबायला कॅबिनेटला आतून फोम चिकटवायचा. फोममुळे आतली हवा कोंडते, पंखे आणखी जोरात फिरतात. त्यापेक्षा आवाजाचं मूळच काढून टाकावं, आणि आवाजाचं मूळ म्हणजे वॅट. कॉम्प्युटरनं घेतलेली वीज जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. शंभर वॅट घेणारं यंत्र म्हणजे शंभर वॅटची शेगडीच, फक्त हिशेब करणारी.

वॅट कमी करायचा सोपा मार्ग फारसा कोणी वापरत नाही. प्रोसेसरमधल्या सूक्ष्म स्विचांची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते. व्होल्टेज दहा टक्के उतरवलं तर वेग तसाच ठेवूनही साधारण एकोणीस टक्के वीज वाचते. कारखान्यातून आलेला प्रोसेसर शेवटच्या पाच-दहा टक्के वेगासाठी भरमसाट वीज खातो, कारण जाहिरातीत आकडा मोठा दिसावा लागतो. पाकिटावर ६५ वॅट लिहिलेला एएमडीचा प्रोसेसर जोराच्या कामात ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. बायोसमध्ये इको मोड लावून त्याला ४५ च्या वर्गात आणला तर लिहिणं, ध्वनिसंपादन, फोटो, हिशेब या कशातही फरक जाणवत नाही. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असलेलं मॉडेल घ्यावं. वेगळं ग्राफिक्स कार्ड म्हणजे आणखी एक शेगडी आणि आणखी दोन-तीन पंखे. ज्यांना खेळ खेळायचे आहेत किंवा त्रिमितीय चित्रांचं काम आहे त्यांना ते लागेलच. त्यांच्यासाठी या प्रकरणातलं गणित बदलेल, पण त्याची दिशा हीच राहील.

आता हवा. एक घनमीटर हवा एक अंशानं तापवायला साधारण बाराशे ज्यूल उष्णता लागते. त्यावरून हिशेब मांडला तर शंभर वॅट उष्णता बाहेर न्यायची आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा दहा अंशच गरम असायची, तर दर सेकंदाला सव्वाआठ लिटरच्या आसपास हवा यंत्रातून जायला हवी, म्हणजे जवळपास एक लहान बादली. आठ तासांत ही हवा होते सुमारे २४० घनमीटर. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली ३४ घनमीटरची असते. म्हणजे एका कामाच्या दिवसात यंत्र ती आख्खी खोली सात वेळा आपल्यातून ओढून सोडतं.

पुण्यात किंवा नाशकात याचा अर्थ धूळ एवढाच होतो. इथं त्या हवेत मीठ आहे. लाट फुटते तेव्हा तिच्या बुडबुड्यांतून अतिसूक्ष्म थेंब उडतात. पाणी उडून जातं आणि मिठाचे कण वाऱ्यावर आत येतात. पुळणीला लागून त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं, पुढच्या काहीशे मीटरमध्ये ते झपाट्यानं कमी होतं. म्हणूनच समुद्रासमोरच्या घराचं ग्रिल दोन-तीन वर्षांत गंजतं आणि गावाच्या मागच्या आळीतलं बराच काळ टिकतं. कॅबिनेटच्या तोंडावरची नायलॉनची जाळी केस, तंतू, डास अडवते. काही मायक्रॉनचे मिठाचे कण तिच्यातून आरामात आत जातात. कापूस लावला तर कण अडतात, पण हवाही अडते.

नुसतं कोरडं मीठ बोर्डावर पडून राहिलं तर ते फारसं काही करत नाही. घात करतं ते ओलं मीठ. शुद्ध मीठ हवेतल्या आर्द्रतेनं ७५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की स्वतःच पाणी ओढून विरघळू लागतं. आत्याच्या बरणीत हेच होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर पस्तीस टक्क्यांच्या आतच ओलावतं. पेण-उरणच्या मिठागरातलं खडं मीठ पॅकेटमधल्या मिठापेक्षा आधी पाझरतं ते त्यामुळेच. पण कणातला मोठा वाटा साध्या मिठाचाच असतो, त्यामुळे ७५ च्या खाली ओल्या थराची जाडी एकदम घटते. बोर्डावर असा ओला खारट थर बसला की तो वीज वाहू लागतो. अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावरच्या दोन पायांमधून चोरटा प्रवाह जातो, तांबं हिरवं पडतं, कथलाच्या जोडाला पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते. यंत्र एका दिवसात मरत नाही. आधी एखादा यूएसबी पोर्ट अधूनमधून रुसतो, मग रॅम काढून पुसून बसवावी लागते, आणि एका ओल्या सकाळी बटण दाबलं तरी काहीच होत नाही. माझं पहिलं यंत्र असंच गेलं. त्याला तीन पंखे होते, तिन्ही जोरात फिरायचे, आणि मला त्याचा अभिमान होता.

आता चुलीजवळची फळी. जुलैमध्ये बाहेर ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते. हीच हवा, तिच्यातली वाफ तेवढीच ठेवून, ३५ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ६८ टक्क्यांवर येते. ४० अंशांवर नेली तर ५२ टक्क्यांवर. वाफ कमी झालेली नसते. तापलेल्या हवेची वाफ धरायची कुवत वाढलेली असते. म्हणजे चालू असलेलं, आतून दहा अंश उबदार राहणारं यंत्र पावसाळ्यातही आपल्या बोर्डाभोवती कोरडा हिवाळा बाळगून असतं. सगळे पंखे पूर्ण वेगानं लावून आतलं तापमान खोलीइतकं खाली आणलं, तर आपण जास्त मीठ ओढतो आणि तेच मीठ ओलं राहील अशी सोयही करतो.

किनाऱ्यावर कॉम्प्युटर जोडणाऱ्याला मला हेच सांगायचं आहे. इथं थंडपणाचा हव्यास धरू नये. उष्णता कमी निर्माण करावी, हवा कमी ओढावी, यंत्राला उबदार राहू द्यावं. यंत्र ५० वॅटवर आणलं आणि बाहेर पडणारी हवा पंधरा अंशांनी गरम असू दिली, तर दिवसाला खोली सातऐवजी अडीच वेळाच यंत्रातून जाते. तितकंच मीठ कमी, तितकीच धूळ कमी. आणि कमी हवा ओढणारा पंखा हळू फिरतो, म्हणून आवाजही जातो. शांतता आणि टिकाऊपणा यांसाठी इथं वेगवेगळा खर्च करावा लागत नाही.

आता प्रश्न असा की बाहेर ३४ अंश असताना यंत्र फार तापणार तर नाही ना. हिशेब करू. खोली ३४, कूलरपर्यंत पोचणारी हवा पाच-सहा अंश जास्त, म्हणजे ४०. बरा कूलर दर वॅटमागे अर्ध्या अंशाच्या आसपास फरक ठेवतो, म्हणजे ४५ वॅटला २२-२३ अंश. प्रोसेसर साठीच्या थोडा वर राहील. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास स्वतःहून वेग कमी करतात. तीस अंशांची मोकळीक राहते. मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा.

कूलरची रचना कोकणातल्या माणसाला समजावायची तर मोदकपात्र पुढं करावं. तळाशी पाणी उकळतं, वाफ वर जाते, झाकणाला लागून निवते, थेंब होऊन परत खाली येते, आणि या फेऱ्यात तळाची उष्णता वर पोचते. कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या हेच करतात. त्यांच्यातली हवा काढून थोडंसं पाणी भरलेलं असतं, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो आणि तो निवून झालेलं पाणी शोषून पुन्हा गरम टोकाकडे नेतो, अगदी नळी आडवी असली तरी. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी करून दाखवली आणि ती आधी अवकाशयानांच्या कामी आली. आता ती हजार-दोन हजारांच्या कूलरमध्ये मिळते. नळीच्या वरच्या टोकाला ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे असतात, त्यांमधून पंखा हवा नेतो. इथल्या हवेसाठी एक अट: तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर निकेलचा मुलामा असलेलाच कूलर घ्यावा. उघड्या तांब्याला उघडं ॲल्युमिनियम टेकलं आणि मधे खारट ओल आली, तर दोघांचा मिळून एक बॅटरी सेल होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं.

पंख्याच्या बाबतीत तीन नियम माहीत असले की दुकानदाराच्या बोलण्यात फसायला होत नाही. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, त्याला लागणारी वीज एक अष्टमांश होते आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलनं उतरतो. सारखे दोन पंखे एकत्र लावले तर आवाज तीनच डेसिबल वाढतो. म्हणून एका पंख्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगानं फिरवले, तर हवा तेवढीच आणि आवाज बारा डेसिबल कमी. आणि त्याच घडणीचा पंखा ८० ऐवजी १२० मिलिमीटरचा घेतला, तर त्याच फेऱ्यांना हवा जवळपास साडेतीनपट मिळते. मोठा पंखा हळू फिरवा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. सूरही बदलतो. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेऱ्यांना १८० हर्ट्झचा गुणगुणाट काढतो, ६०० फेऱ्यांना ९० हर्ट्झचा. इतक्या खालच्या सुराला कान मुळातच मंद असतो आणि गाजेत तो विरून जातो.

'लहान' आणि 'शांत' यांचं भांडण इथं लागतं. मिनी-आयटीएक्स हा मदरबोर्ड १७ सेंटिमीटरचा चौरस असतो. तैवानच्या व्हिया कंपनीनं तो २००१ मध्ये आणला, आणि घरात लागणारं सगळं त्यावर मावतं. त्याच्यासाठी पाच लिटरचं कॅबिनेटही मिळतं, पण त्यात जेमतेम चार सेंटिमीटर उंचीचा कूलर आणि ९२ मिलिमीटरचा पंखा बसतो. तो कष्टानं फिरतो आणि ते ऐकू येतं. १२० मिलिमीटरचा पंखा असलेल्या उभ्या कूलरला साडेपंधरा-सोळा सेंटिमीटर उंची लागते. मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझं ठाम मत असं की बारा ते चौदा लिटरचं कॅबिनेट घ्यावं, म्हणजे साधारण तांदळाच्या मोठ्या डब्याएवढं. बाजारात मिळणारे उंच टॉवर चाळीस-पन्नास लिटरचे असतात, त्यापुढे हे लहानच. त्या वाढीव सात-आठ लिटरमुळे जी शांतता मिळते ती कितीही महागड्या पंख्यानं मिळत नाही.

सुटे भाग मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडव्याला उतरलो. वरच्या डेकवर वारा छान लागतो, पण खोकी मी आतच ठेवली होती. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून सामान पावसाळी हवेत आणलं तर दोन-तीन तास पेट्या उघडू नयेत. ३० अंश आणि ९० टक्क्यांच्या हवेतली वाफ २८ अंशांच्या पृष्ठभागावरच दव होऊन बसते. २४ अंशांचा मदरबोर्ड अशा हवेत उघडणं म्हणजे फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवणं.

जोडणी तासाभराची आहे. प्रोसेसर खाचेत बसवणं, रॅम, एसएसडी हे सगळं कोणीही सावकाश करू शकतो, त्यावर मी शब्द घालवत नाही. पेस्टबद्दल मात्र बोललं पाहिजे. प्रोसेसरचा माथा आणि कूलरचा तळ डोळ्यांना सपाट दिसतात, पण त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात आणि खळग्यांत हवा. हवा उष्णता वाहून नेण्यात तांब्यापेक्षा हजारो पटींनी मंद आहे. पेस्ट हे खळगे बुजवते. ती स्वतः तांब्यापेक्षा कितीतरी मागे आहे, म्हणून तिचा थर जितका पातळ तितका बरा. मधोमध मटारच्या दाण्याएवढा ठिपका ठेवावा आणि कूलर सरळ खाली दाबून तिरके समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं आवळावे. पंखे स्क्रूंऐवजी रबरी खुंट्यांवर बसवले की त्यांची थरथर पत्र्यात उतरत नाही.

माझ्या यंत्रात सर्वांत जास्त फरक पडला तो एका फुकटच्या वस्तूनं. कूलरचा पंखा आणि कॅबिनेटची जाळी यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती. पंखा बाहेरची ताजी हवा घेण्याऐवजी त्या फटीतून आतलीच गरम हवा पुन्हा ओढत होता. चपलेच्या तळव्याला वापरतात त्या ईव्हीए फोमची पट्टी चांभाराकडून आणली, तिची चौकट कापून पंख्याभोवती बसवली, आणि पंख्याला जाळीपर्यंत बंदिस्त वाट मिळाली. प्रोसेसर चार-पाच अंशांनी उतरला आणि तेवढ्यात पंख्याच्या फेऱ्या कमी करता आल्या. पंखा जाळीला अगदी चिकटवू मात्र नये. पात्यासमोर लगेच भोकांचा पत्रा आला की हवा फाटते आणि शिट्टीसारखा आवाज होतो. एक सेंटिमीटर अंतर पुरतं.

पंखे शांत झाले की आधी त्यांच्याआड दडलेले आवाज बाहेर येतात. फिरती हार्डडिस्क असेल तर मिनिटाला ७२०० फेऱ्यांचा १२० हर्ट्झचा घुमारा टेबलातून ऐकू येतो. रेकॉर्डिंगच्या खोलीत फक्त एसएसडी ठेवावी, फिरती डिस्क जुन्या फायलींसाठी दुसऱ्या खोलीत. एसएमपीएस लहान आकाराचा, एसएफएक्स, घ्यावा आणि कमी भारावर पंखा पूर्ण थांबवणारा घ्यावा. ८० प्लस गोल्ड दर्जाचा असेल तर निम्म्या भारावर तो दहा टक्क्यांहून जास्त वीज वाया घालवत नाही. शेवटी उरते कॉइलची बारीक किरकिर. ती विजेच्या घटकांच्या कंपनातून येते आणि कधी कधी नुसता माऊसचा पॉइंटर फिरवला तरी सूर बदलते. तिच्यावर इलाज फारसा नाही. तो भाग बदलून घ्यावा लागतो.

स्थिर आवाजाला कान सरावतो, चढ-उताराला सरावत नाही. प्रोसेसर क्षणभर तापला की पंखा उसळतो, पुन्हा बसतो, ही उचकी सर्वांत वाईट. बायोसमध्ये पंख्याची चढण अशी ठेवावी की साठ अंशांपर्यंत एकच संथ वेग, माझा ५५० फेऱ्यांचा आहे, आणि त्यापुढे सावकाश वाढ. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते, तीही वापरावी. कूलरचा धातू एवढ्या वेळची उष्णता सहज पोटात घेतो.

विजेबद्दल दोन गोष्टी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर यंत्राला दोष देण्याआधी घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. इथली जमीन एप्रिल-मे महिन्यांत अशी कोरडी पडते की अर्थिंगचा खड्डा असूनही नसल्यासारखा होतो. त्यात पाणी घालत राहावं लागतं. अर्थिंग कच्चं असेल तर रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झचा घुमाराही शिरतो. दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, मुरूडकडच्या कित्येक गावांत आठवड्यांनी लाईट आली. तसा प्रसंग सोडला तरी पावसाळ्यात लाईट जाणं रोजचं आहे. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची ठरवली, तर यंत्र आणि मॉनिटर मिळून ७५ वॅटवर दहा तास काम होतं. ४०० वॅटचं यंत्र दोन तासही चालत नाही.

यंत्र कुठं ठेवायचं हेही ठरवून करावं. कॉम्प्युटर टेबलाला खाली दाराचा कप्पा असतो, लोक 'सीपीयू' त्यात घालून दार लावतात आणि यंत्र आपलीच गरम हवा फिरवत बसतं. तो कप्पा चपलांना द्यावा. यंत्र पश्चिमेच्या खिडकीपासून दूर, माजघराच्या बाजूला, जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि भिंतीपासून वीतभर सोडून ठेवावं, कारण जांभ्याच्या भिंतीला पावसात ओल येते. दिवसा खारे वारे समुद्रावरून घरात येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. डिसेंबर-जानेवारीत तासन्‌तास चालणारी जड कामं मी रात्री लावतो. तेव्हा हवा थंडही असते आणि वाडीवरून आलेली असते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा दिवसरात्र एकाच दिशेनं येतो, तेव्हा ही सोय राहत नाही. मग मी यंत्र पूर्ण बंद करतच नाही, निष्क्रिय ठेवतो. दहा-पंधरा वॅटची ऊब आत राहते. पूर्वी तबल्याच्या आणि कॅमेऱ्याच्या कपाटात शून्याचा दिवा लावून ठेवत, तोच हा प्रकार. वापरात नसलेली भोकं मात्र बारीक जाळीनं बंद करावी. एका सप्टेंबरात कुंभारमाशीनं माझ्या एसएमपीएसच्या जाळीत मातीचं घर बांधलं होतं, आणि एकदा पालीची दोन अंडी बोर्डाच्या मागे, सर्वांत उबदार कोपऱ्यात सापडली.

वर्षातून एकदा यंत्र उघडतो, खंडेनवमीला. तोवर पाऊस ओसरायला लागलेला असतो, हवेतला दमटपणा उतरत असतो आणि घरात कोयते, पावडं, आडकित्ता धुऊनपुसून पूजेला मांडायचेच असतात. रंगाचा मऊ ब्रश घेऊन पत्र्यांमधली धूळ झाडतो. पंख्याची पाती हातानं धरून ठेवतो, नाहीतर ती उलटी फिरून बेअरिंग खराब होतं. रॅमची सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो. मग टॉर्च लावून स्क्रूंची डोकी पाहतो, कारण गंज पहिल्यांदा तिथं धरतो. तीन पंख्यांच्या जुन्या यंत्रात दुसऱ्याच वर्षी सगळी डोकी तपकिरी झाली होती. या यंत्राची ही चौथी खंडेनवमी. मागच्या जाळीजवळच्या दोन स्क्रूंवर पांढरट ठिपके आहेत, बाकी सगळे अजून चकचकीत. ते दोन बदलले, पत्रा बंद केला, यंत्र पुन्हा सुरू केलं, आत्यानं आडकित्त्याशेजारी त्यालाही झेंडूचं फूल वाहिलं आणि विचारलं, "चालू आहे का रे हा?" चालूच होता.